नाक वर गेलेला ट्रक

२ फेब्रुवारी, दुपार

वही सुनेच्या शाळेतली. पुढच्या पानांवर कुणाच्या तरी बेरजा आहेत, निम्म्या चुकलेल्या. मी चौथीपर्यंतच शिकले, पण एवढी नव्हते चुकत.

आजपासून ट्रकचं सगळं लिहून ठेवणार. पान्हा नंतर म्हणतो, वहिनी, आपलं असं ठरलंच नव्हतं. पान्हा म्हणजे आमचा मेकॅनिक. यांच्या हाताखाली शिकला, आता यांचंच गॅरेज चालवतो. लिहिलेलं असलं की तोंड बंद.

तर झालं असं. डोंगरावर जाताना तिसऱ्या वळणावर एक दगड आहे, त्याला आम्ही म्हातारा म्हणतो. एकतीस वर्षं मी त्याच्या डावीकडून जाते. आज तो मधे आला. ट्रक खालून खरवडला.

दगड सरकलाय. उतारावरचा दगड, सरकणारच.

शेजारी नात बसली होती. म्हणाली, आजी, दगड तिथंच आहे. तिचं वय चोवीस. ती जन्मायच्या आधीपासून मी त्या दगडाला ओळखते.

३ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. दगड सरकलेला नाही. उगाच कुणावर आळ घेऊ नये.

दोष ट्रकचा आहे. बोनेट आडवं येतं. पूर्वी बोनेटपुढची सहा हातांवरची जमीन दिसायची. आता बारा हातांपासून पुढे दिसते. मधल्या सहा हातांत काय चाललंय ते देवाला माहीत.

याचा अर्थ सरळ आहे. ट्रकचं नाक वर गेलंय. नाक वर गेलं म्हणजे शेपूट खाली बसलं. म्हणजे मागचे पाटे, चाकांवरच्या स्प्रिंगा, बसले. तराजू मला कळतो.

खात्री म्हणून जुन्या पद्धतीने मोजलं. आमच्या गॅरेजात टेप कधी नव्हती. मीच टेप. हे मला ट्रकच्या पुढच्या चाकाशी उभं करायचे. बोनेटची कड माझ्या गळ्याच्या हाडाला लागली की ट्रक बरोबर बसलाय. गिऱ्हाइकांचे ट्रकही असेच मोजायचे. गॅरेजच्या भिंतीवर माझ्या डोक्याइतक्या उंचीवर लाल रेघ आहे, शेजारी यांच्या अक्षरात ‘माप’ असं लिहिलेलं. लग्नात मिळालेल्या वस्तूंपैकी हीच एक अचूक निघाली, असं म्हणायचे. बाकीच्या वस्तू माझ्या वडिलांनी दिल्या होत्या.

आज उभी राहिले. कड हनुवटीला लागली.

आणखी काय पुरावा पाहिजे.

५ फेब्रुवारी

हवामान केंद्राचं पत्र आलं. वर डोंगरावर चार माणसं वारा, पाऊस मोजत बसतात. त्यांचं डिझेल, सिलिंडर, किराणा सगळं माझ्या ट्रकने जातं. पत्र सुनेने वाचून दाखवलं. हल्ली अक्षरं बारीक छापतात, कागद वाचवायला.

अठ्ठावीस तारखेला साहेब येणार. ट्रक तपासणार, शेजारी बसून वरपर्यंत जाणार, चालवणाराही तपासणार. पास झालं तर कॉन्ट्रॅक्ट पुढे तीन वर्षं. नाही तर तो दुसरा ट्रकवाला, मिशा, टपलेलाच आहे. मिशाचा ट्रक नवा. आठवड्यातून दोनदा धुतो. ज्याला काम नसतं तो धुतो.

मुलगा म्हणाला, आई, आता अजून किती वर्षं? मी विचारलं, तू अजून किती वर्षं घाबरणार? तो ऑफिसला गेला.

नातीने गेल्या वर्षी मोठ्या गाडीचं लायसन काढलंय. हौस. मला म्हणाली, एक फेरी मी मारते ना आजी. मी म्हटलं, आधी शेजारी बसून बघायला शिक. बघायलाही अक्कल लागते.

७ फेब्रुवारी

गॅरेज. ट्रक उचलण्याला आता सस्पेन्शन लिफ्ट म्हणतात. नातीने मोबाइलवर दाखवलं. परदेशातला एक दाढीवाला ट्रकखाली झोपून तासभर बोलतो. आमचे हे ट्रकखाली झोपायचे तेव्हा तोंडात बोल्ट असायचे, बोलणार कुठून.

पान्ह्याने चार उपाय सांगितले. चार स्थळं आल्यासारखं वाटलं. प्रत्येकात काहीतरी खोड.

लोखंडी ठोकळा. पाट्यांच्या आणि अ‍ॅक्सलच्या मधे घालायचा, लांब बोल्टने आवळायचा. गरीब घरचा, कामाला पटकन येतो, पण खडकावर पाटे पिळतो म्हणे.

जादा पाटा. आहेत त्यांत एक वाढवायचा. कर्ता मुलगा, ओझं उचलतो, पण स्वभावाने कडक. धक्के देतो.

लांब कडी. पाट्याच्या टोकाला असते ती. ट्रक उंच करते पण वळणावर डुलवते. असल्या डुलणाऱ्याला मुलगी कोण देतं.

चौथे सगळे पाटे नवे, शॉकअपसकट. श्रीमंत. महिन्याने येतो म्हणतोय. आपल्याकडे तीन आठवडे.

उद्या निर्णय. घाईत निर्णय घेत नाही मी.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ

ठोकळा.

८ फेब्रुवारी

पान्ह्याने हल्ली टेप आणलीय. मागचे पाटे मोजले आणि म्हणाला, वहिनी, बसलेले नाहीत, कमान जशीच्या तशी आहे. मी टेप हातात घेऊन बघितली. तिच्या टोकाचा पत्रा हलतो. म्हटलं, ज्या मापाचं तोंडच डळमळतं ते काय खरं बोलणार? तो म्हणाला, तो पत्रा हलायलाच केलेला असतो.

मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. लागलं असावं मनाला.

१० फेब्रुवारी

मागे दोन इंचाचे ठोकळे बसले. मोजलं. हनुवटीच.

नवा जोडा पहिल्या दिवशी पायात बसतो का? तसंच हे. दोन दिवस द्यायला हवेत.

११ फेब्रुवारी

वरची फेरी. ट्रक म्हाताऱ्याला पुन्हा घासला. नात आधीच खाली उतरून पुढे उभी होती, हात हलवून काहीतरी दाखवत होती. तिचा हात मला दिसला, ती दिसली नाही. ट्रकसमोर येऊन उभी राहायची सवय चांगली नाही, तिला तसं सांगितलं.

येताना मोकळे डबे घरंगळून केबिनच्या पाठीला धडकत राहिले. जागे राहायला बरं.

१३ फेब्रुवारी

दोन इंच म्हणजे घाबरटांचं काम. चार.

पान्हा म्हणाला, वहिनी, मागून कितीही उचललं तरी तुम्हाला पुढचं दिसण्यात काही फार फरक... मी म्हटलं, तराजू. तो म्हणाला, बरं.

१५ फेब्रुवारी

चार इंच झाले. ट्रक कसा दिसतो ते लिहून ठेवते, कारण मिशाने रस्त्यात गाडी थांबवून विचारलं, मावशी, काही हरवलंय का, ट्रक शोधतोय जणू. त्याला म्हटलं, तुझी अक्कल शोधतोय, सापडली की हॉर्न देईन.

कड हनुवटीच्या खाली आली. अर्धं बोट. उपाय लागू पडतोय. डॉक्टरच्या औषधालासुद्धा महिना लागतो.

फक्त एक. सीट पुढे उतरती झाली. मी घसरत स्टिअरिंगखाली जाते. त्यामुळे अर्धं बोट मिळालं ते गेलं आणि वर दोन बोटं गेली. पाय रोवून बसायचं ठरवलंय. पण पाय रोवले की ब्रेक लागतो.

वरचा स्वयंपाकी म्हणाला, या वेळी सगळी अंडी एकाच भांड्यात आली. भांडं मी दिलं नव्हतं. ते तुपाच्या डब्याचं झाकण होतं.

१८ फेब्रुवारी

चूक सापडली. पान्ह्याची. मागचं उचलायला सांगितलं म्हणून त्याने नुसतं मागचंच उचललं. आता पुढचं फार खाली गेलंय. जाणत्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

पुढेही चार इंच. पुढे जादा पाटा.

मी आणखी एक युक्ती सुचवली. फक्त केबिन उचल, बोनेट राहू दे तिथंच. म्हणजे मी वर, बोनेट खाली, विषय संपला. पान्हा म्हणाला, वहिनी, दोन्ही एकाच अंगाची आहेत. डोकं वर न्यायचं आणि नाक खाली ठेवायचं, असं होत नाही. मी म्हटलं, आमचे हे असते तर केलं असतं. तो म्हणाला, ते असते तर त्यांनी तुम्हाला... पान्हा वाक्यं पुरी करत नाही. शाळा कमी झाली त्याची, माझ्यापेक्षाही.

२० फेब्रुवारी

चारी बाजूंनी चार इंच. ट्रक देखणा दिसतो, हे कुणीही कबूल करेल.

चढायला थोडा वेळ लागला. पायरी माझ्या मांडीशी आली. दुधाचं क्रेट उलटं ठेवलं. तीनदा प्रयत्न. चौथ्यांदा पान्ह्याने भिंतीकडे तोंड केलं आणि नातीने मागून ढकललं. मी ढकल म्हटलं नव्हतं. चढतच होते.

बोनेटची कड आता नाकाला लागते. बरोबरच आहे. उचललाय तर वर जाणारच.

जादा पाटा कडक आहे. घरापासून चौकापर्यंत एकेक हाड मोजून दिलं. सगळी आहेत.

२१ फेब्रुवारी

सून म्हणाली, आई, सीटवर एक उशी घेऊन बघा ना. शांतपणे ऐकून घेतलं. तिला म्हटलं, उशी घेऊन ट्रक चालवायला मी काय बाळंतीण आहे? मास्तरीण आहे ती, तिला ट्रकमधलं काय कळणार. तिचा जन्म खडूत गेला.

२२ फेब्रुवारी, दुपारी चार

जाताना सगळं उत्तम. म्हातारा दगड पोटाखालून गेला. दिसलाच नाही. दिसायची गरज काय, गेल्याशी मतलब. नातीला म्हटलं, बघितलंस? ती म्हणाली, मी बघितलं, तू नाही बघितलंस.

केंद्राच्या अंगणात ट्रक वळवताना कडकन आवाज झाला. खाली उतरून बघितलं. पावसाचं पाणी मोजायचं यंत्र होतं, लोखंडी नळकांडं, पत्र्याच्या पट्टीसारखं चपटं झालेलं. एवढंसंच यंत्र, कमरेच्याही खाली येणारं. असली वस्तू अंगणात कुणी ठेवतं का.

ते तिथं पूर्वीपासून आहे म्हणे.

मोजणीवाला रोज त्याच्यासमोर उकिडवा बसून आकडा लिहितो. आज बसला होता. स्वयंपाक्याने चहाला हाक मारली म्हणून उठला. त्याची वही तिथंच पडली होती. चाकाखाली.

तो कप हातात धरून उभा होता.

येताना ट्रक नातीने आणला. मी दिला. माझ्या चपलेचा बंद तुटला होता.

काच वर करून घेतली. वर थंडी असते.

२३ फेब्रुवारी

चप्पल बघितली. बंद शाबूत आहे.

बाकी काही नाही.

२४ फेब्रुवारी

गॅरेजला गेले. पान्हा एका जीपखाली होता. बाहेर आला, हात पुसले. यंत्राचं त्याला आधीच कळलं होतं, नातीचं तोंड फाटकं आहे. मला वाटलं बोलेल. तो नुसता म्हणाला, “वहिनी, जरा इथं उभ्या राहा.”

लाल रेघेशी.

उभी राहिले. पाठ भिंतीला, टाचा जोडून, यांनी शिकवलं होतं तशी. पान्ह्याने माझ्या डोक्यावर हात आडवा ठेवला. मग म्हणाला, हात न हलवता बाजूला व्हा. झाले. वळून बघितलं. रेघ त्याच्या हाताच्या वर होती. चार बोटं.

तो म्हणाला, “ट्रक होता तिथंच होता, वहिनी.”

मी बराच वेळ रेघेकडे बघितलं. मग पायाखाली बघितलं. मग लक्षात आलं.

जमीन खचलीय. तीस-पस्तीस वर्षं इथं ट्रक उभे राहतात, ओझ्याने खचणारच. त्याला तसं सांगितलं. कॉन्क्रीट टाकून घे म्हटलं.

पान्हा म्हणाला, हो वहिनी, खचलीय.

तो माझं एका दमात कधी ऐकत नाही. आज ऐकलं. मला ते आवडलं नाही.

२५ फेब्रुवारी

निर्णय. ट्रकवरचं सगळं काढायचं. ठोकळे, जादा पाटा, सगळं. तपासणीला मूळ ट्रक बरा, साहेब लोकांना बदल आवडत नाहीत. पान्ह्याने कारण विचारलं नाही. काढायलाही लागला. त्याने बोल्ट जेमतेमच आवळले होते, असं मला वाटतं.

घरी नातीला बोलावलं. वाट पाठ म्हणून घेतली. पहिलं वळण, उजवीकडची कड भुसभुशीत. दुसऱ्यावर गिअर आधी बदलायचा, वळणात नाही. तिसऱ्यावर म्हातारा, डावीकडून, चाक त्याच्यापासून एक वीत. ती म्हणाली, आजी, मला माहितेय. म्हटलं, म्हण. तिने म्हटलं. एकही चूक काढता आली नाही. उच्चार मात्र गिचमिड.

२८ फेब्रुवारी

साहेब आला. तरुण. माझ्या मुलाहून लहान, छातीशी फायली धरलेल्या. ट्रकखाली वाकून बघितलं, टायर बघितले, ब्रेक दाबून बघितला. मग विचारलं, चालवणार कोण?

घरची सगळी दारात उभी. मुलगा ऑफिसला गेला नव्हता. मिशा पलीकडच्या फुटपाथवर सहज थांबला होता, एक तासापासून.

मी म्हटलं, “नात चालवेल. मला तिचं बघायचंय.”

सून घरात गेली, तिच्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

केबिनमध्ये साहेब खिडकीशी, मी मधे, कार्टी स्टिअरिंगला. मी प्रत्येक वळणाच्या आधी सांगत गेले. कड. गिअर. आता दगड, डावीकडून. म्हणेपर्यंत तिने घेतलेलं असायचं. तरी सांगत राहिले. न सांगता बरोबर केलं तर त्याला शिकणं म्हणत नाहीत.

म्हाताऱ्यापासून एक वीत. मान उंच करून मागे बघितलं. वीतच होती. दगड होता तिथंच आहे.

केंद्रात नवं यंत्र बसवलंय, आता भोवती जाळी आहे. मोजणीवाल्याने मला नमस्कार केला, पण ट्रक पूर्ण थांबल्यावर, आणि जाळीच्या आतून.

तपासणी पास. साहेबाने कागद काढला. चालकाचं नाव विचारलं. नातीचं सांगितलं. माझं नाव मार्गदर्शक म्हणून लिहा म्हटलं. त्याने कागद उलटसुलट केला. त्याच्या कागदावर चालक, क्लीनर आणि माल एवढेच रकाने होते. मार्गदर्शनाला रकाना नव्हता. तो जरा ओशाळला. मालात तर लिहिता येत नाही म्हणाला.

क्लीनर लिहिलं.

एकतीस वर्षं ट्रक चालवला. क्लीनरचं लायसनसुद्धा लागत नाही, म्हणजे तेवढी कटकट मिटली.

१ मार्च

सकाळी ट्रकच्या काचा पुसल्या. कागदावर आहे ते करावं. नात म्हणाली, राहू दे आजी, मी पुसते. म्हटलं, चालकाने चालवायचं, लुडबुड करायची नाही. वरचा अर्धा भाग तिने पुसला, मी डबा घ्यायला आत गेले तेव्हा.

मग पाट्यांचं शेवटचं माप घ्यायला गॅरेजला गेलो. पान्ह्याने ट्रक सपाटीवर घेतला. मी सवयीने पुढच्या चाकाशी जाऊन उभी राहिले. कड हनुवटीला. पान्ह्याने टेप काढली नाही.

मीच बाजूला झाले. कार्टीला म्हटलं, उभी राहा. पाय जोड. पोक काढू नको, माप आहेस तू.

कड तिच्या गळ्याच्या हाडाला लागली. बरोबर.

मग भिंतीशी उभं केलं. लाल रेघ तिच्या डोक्याला टेकली, केसाचा फरक नाही. पान्ह्याने रंगाचा डबा आणला होता. मला वाटतं माझ्यासाठी खाली नवी रेघ ओढायचं त्याच्या मनात होतं. मी म्हटलं, झाकण लाव त्याला, वाळेल.

ती मी उभी राहिले होते तिथंच उभी होती. तेवढीच जमीन. तिच्या पायाखाली मात्र खचलेली दिसत नाही.